लुईस-बो झाली असती तर? आधी तारीख सांग, मग विजेता सांगतो

परवा हॉल बंद करताना तू विचारलंस, सर, 90 च्या दशकातले हेवीवेट बॉक्सर लेनॉक्स लुईस आणि रिडिक बो प्रो म्हणून भिडले असते तर कोण जिंकलं असतं, आणि अशा न झालेल्या लढतींचा अंदाज खरंच बांधता येतो का, की ते नुसतं चहा पिता पिता बोलायचं. तुला साखळी गावाला जाणारी शेवटची बस पकडायची होती म्हणून मी "लुईस" एवढंच म्हणून शटर ओढलं, पण घरी आल्यावर ते उत्तर मला खटकत राहिलं कारण ते अर्धवट होतं. इथे गोव्यात, फोंड्यात मुलांना बॉक्सिंग शिकवायला लागून तीस वर्षं होत आली, एवढ्या वर्षांत हा प्रश्न मला शंभरदा तरी आला असेल आणि दर वेळी मी एक नाव सांगून मोकळा झालोय. आज नीट लिहितो.

अंदाज बांधता येतो. वेगवेगळ्या काळातले बॉक्सर घेतले, जुन्या काळचा जो लुईस (हा लेनॉक्स नव्हे) विरुद्ध मोहम्मद अली वगैरे, तर तिथे मला फारसं काही सांगता येत नाही, नियम वेगळे, खाणंपिणं वेगळं, समोरचे लोक वेगळे. पण एकाच काळातले दोघे असले की हातात पुरावा असतो, तेच प्रतिस्पर्धी, तेच वजन, तेवढ्याच फेऱ्या. फक्त एक गोष्ट सगळे विसरतात. बॉक्सर म्हणजे एक माणूस नसतो. 1992 चा बो वेगळा आणि 1993 चा बो वेगळा, नाव तेच असलं तरी. म्हणून मला कोणी विचारलं की माझा पहिला प्रश्न, कुठल्या वर्षी? जमलं तर महिना पण सांग.

आता लुईस-बो. हे दोघे एकदा भेटलेले आहेत, 1988 च्या सोल ऑलिम्पिकमध्ये, सुपर हेवीवेटची फायनल, आणि लुईसने दुसऱ्या फेरीत रेफरीला लढत थांबवायला लावली. लोक तिथेच विषय संपवतात, लुईसने मारला होता ना, मग झालं. नाही रे. तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या, डोक्याला हेडगार्ड, त्या लढतीवरून बारा फेऱ्यांचं सांगता येत नाही. माइक टायसनचं बघ, 1984 मध्ये हेन्री टिलमनने त्याला अमॅच्युअरमध्ये दोनदा हरवलं आणि ऑलिम्पिकला तो गेला, गोल्ड घेऊन आला, आणि 1990 मध्ये प्रो म्हणून भेटले तेव्हा टायसनने त्याला पहिल्याच फेरीत झोपवला. अमॅच्युअरचा निकाल बाजूला ठेव असं मी म्हणत नाही, पण त्यावर घर बांधू नकोस.

प्रोमध्ये ही लढत 1993 च्या सुरुवातीला व्हायला पाहिजे होती. 31 ऑक्टोबर 1992 ला लंडनमध्ये लुईसने रेझर रडॉकला दुसऱ्या फेरीत उडवलं, दोन आठवड्यांनी, 13 नोव्हेंबरला, बोने तेव्हाचा चॅम्पियन होलीफिल्डला बारा फेऱ्यांत हरवून तिन्ही संघटनांचे बेल्ट घेतले, आणि ठरलं असं होतं की या दोन लढतींचे विजेते एकमेकांसमोर उभे राहतील. पैशांच्या वाटणीवरून फाटलं. डिसेंबरमध्ये बोने लुईसशी लढण्याऐवजी लंडनला जाऊन त्यांतल्या डब्ल्यूबीसी या संघटनेचा बेल्ट कॅमेऱ्यांसमोर कचऱ्याच्या डब्यात टाकला. तो फोटो बघितला की मला अजून वाईट वाटतं, बेल्टसाठी नाही, त्या लढतीसाठी.

त्या वेळचा बो कसा होता बघ. सहा फूट पाच इंच उंच, वजन 235 पौंड, म्हणजे 107 किलोच्या आसपास, आणि एवढा मोठा माणूस असून आत शिरून मारणारा. उंच मुलं सहसा लांबून जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, मारतात आणि समोरचा जवळ आला की मिठी मारतात, आपल्या हॉलमध्ये पण तुला हेच दिसतं. बो जवळ आला की खांद्याला खांदा लावून खालून वर छोटा अपरकट, मग बाजूने डावा हुक, मग परत अपरकट, हे त्याला एडी फचसारख्या जुन्या ट्रेनरने घोटून शिकवलेलं. होलीफिल्डबरोबरची दहावी फेरी बघ, तिच्यात सगळं आहे. त्याचा दोष एकच पण मोठा, डोकं हलत नाही. सरळ उभा राहतो आणि समोरच्याचा उजवा हात खातो.

आणि समोर लुईसचा उजवा हात म्हणजे त्या काळातला सगळ्यात घातक उजवा हात. मग लुईसच सोपा नाही का? इथेच तारीख येते. 1993 चा लुईस अजून कच्चा होता. उजवा टाकताना पाय जास्त फाकायचे, डावा हात खाली यायचा, आणि पहिला फटका चुकला की तोल जायचा. फ्रँक ब्रुनोने ऑक्टोबर 1993 मध्ये त्याला सहा फेऱ्या नुसत्या जॅबवर त्रास दिला, सातव्यात लुईसने संपवलं ते सोड. सप्टेंबर 1994 मध्ये वेम्बलीला ऑलिव्हर मॅकॉलने नेमकं तेच पकडलं, लुईसने उजवा सोडायला सुरुवात केली आणि त्याच्या आतून मॅकॉलचा उजवा आला, दुसरी फेरी, खल्लास. मॅकॉलच्या कोपऱ्यात कोण होतं माहितीय? इमॅन्युएल स्टुअर्ड. लुईसने हरल्यावर काय केलं, तर त्याच स्टुअर्डला आपला ट्रेनर केलं. मला या खेळातली ही सगळ्यात शहाणपणाची गोष्ट वाटते, ज्याने तुझा दोष शोधला त्याच्याकडेच शिकायला जा. त्यानंतरचा लुईस जॅबच्या मागे राहतो, वजन समोरच्याच्या अंगावर टाकतो, घाई करत नाही.

तर माझं उत्तर असं. मार्च 1993 मध्ये लढत झाली असती तर मी बोला घेतो, गुणांवर, बारा फेऱ्या, जवळची लढत, त्यात बो एकदा खाली पण बसेल. आणि नोव्हेंबर 1993 पर्यंत गेलास तर नको. कारण होलीफिल्डच्या दुसऱ्या लढतीला बो 246 पौंडांवर आला, वर्षभरात 11 पौंड, पाच किलो चरबी, आणि हरला. ती तीच लढत जिच्यात सातव्या फेरीत एक माणूस पॅराशूट घेऊन रिंगमध्ये पडला होता. 1996 मध्ये पोलंडच्या गोलोटाने बोला दोनदा असा बडवला की बघवत नाही, दोन्ही वेळा कमरेखाली मारून गोलोटा बाद झाला म्हणून बोच्या नावावर विजय लागले. पुढच्याच वर्षी लुईसने त्याच गोलोटाला पहिल्या फेरीत संपवलं. 1996 च्या बोला लुईसने पाच फेऱ्या दिल्या नसत्या. म्हणजे तीन वर्षांत विजेता पूर्ण बदलला आणि नावं तीच राहिली. परवा मी नुसतं "लुईस" म्हटलं ते यासाठी अर्धवट होतं.

गोलोटाचं उदाहरण दिलं तर तू म्हणशील, मग दोघांशीही लढलेला माणूस शोधायचा आणि निकाल लावायचा. हे काम करतं, पण सांभाळून. फ्रेझरने 1971 ला अलीला हरवलं, फोरमनने 1973 ला फ्रेझरला दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडलं, हिशेब केला तर फोरमनने अलीला चिरडायला हवं होतं, आणि 1974 ला किन्शासात उलट अलीनेच त्याला हरवलं ते तुला माहीत आहे. समोरच्याची स्टाईल मध्ये आली की हिशेब मोडतो.

तरी कधी कधी असे एवढे सामायिक लोक मिळतात की दुर्लक्ष करता येत नाही. रॉय जोन्स ज्युनिअर आणि डॅरियुश मिखाल्चेव्स्की. दोघे लाइट हेवीवेट, एक अमेरिकेत बसलेला, दुसरा पोलंडचा पण जर्मनीतून खेळणारा, आणि 90 च्या दशकाचा शेवट सगळा या दोघांनी भेटावं म्हणून वाट बघण्यात गेला. जोन्सकडे बाकीचे सगळे बेल्ट, मिखाल्चेव्स्कीकडे डब्ल्यूबीओचा, 1994 पासून 2003 पर्यंत. कोणी कोणाच्या घरी जायला तयार नाही. धिरयोच्या, म्हणजे रेड्यांच्या झुंजींच्या, दिवसांत आमच्या गावात असंच असायचं, आता बंदी आहे ते बरंच आहे, पण म्हातारे अजून सांगतात की अमक्याचा रेडा आणि तमक्याचा रेडा कधी भिडलेच नाहीत कारण मालक म्हणायचा माझ्या शेतात आण, आणि दुसरा म्हणायचा तू माझ्या शेतात आण.

आता बघ. व्हर्जिल हिलला मिखाल्चेव्स्कीने जून 1997 मध्ये बारा फेऱ्यांत गुणांवर हरवलं, चांगलं काम. जोन्सने दहा महिन्यांनी त्याच हिलला चौथ्या फेरीत बरगडीत एक उजवा मारला आणि तो उठलाच नाही. माँटेल ग्रिफिनला जोन्सने, आधी एकदा त्याच्याशी बाद होऊन हरल्यावर, ऑगस्ट 1997 मध्ये पहिल्या फेरीत संपवलं, मिखाल्चेव्स्कीने 1999 मध्ये चौथ्या फेरीत. हुलिओ गोन्झालेझला जोन्सने 2001 मध्ये तीनदा खाली पाडून हरवलं, आणि 2003 मध्ये त्याच गोन्झालेझने मिखाल्चेव्स्कीला पहिला पराभव दिला, तोपर्यंत तो 48 लढती अजिंक्य होता. तीन माणसं, तिन्हींचा कल एकाच बाजूला.

पण मला पुराव्यापेक्षा पाय जास्त सांगतात. मिखाल्चेव्स्की सरळ पुढे येणारा, घट्ट गार्ड, कडक जॅब, दबाव टाकत राहणारा, आणि पुढे येणाऱ्या माणसाला 1998-99 चा जोन्स म्हणजे शिक्षा. जोन्स जॅब जवळजवळ मारायचाच नाही, लांबून उडी मारून डावा हुक टाकायचा, पुस्तकात असं कोणी शिकवत नाही आणि तू पण करू नकोस, ते त्याच्या रिफ्लेक्सवर चालायचं. रिफ्लेक्स होते तोपर्यंत. मार्च 2003 मध्ये तो हेवीवेटला जाऊन जॉन रुईझला हरवून आला, मग वजन उतरवून परत खाली, आणि मे 2004 मध्ये अँटोनिओ टार्व्हरच्या एका डाव्या हाताने दुसऱ्या फेरीत झोपला. तेव्हा 1999 मध्ये जोन्स, अगदी सहज, गुणांवर नाहीतर आठव्या-नवव्या फेरीत. 2004 च्या उन्हाळ्यात मला कोणी विचारलं तर मी उत्तर देण्याआधी विचार करीन.

टायसन-फोरमन मी पटकन सांगतो, कारण यात मला शंका नाही. 16 जून 1990, लास व्हेगासचं सीझर्स पॅलेस, एकाच रात्री दोघे खेळले, टायसन त्या टिलमनबरोबर आणि फोरमन अडिल्सन रॉड्रिग्जबरोबर, दोघेही दोन फेऱ्यांच्या आत जिंकले आणि सगळ्यांना वाटलं आता हे दोघे. फोरमन 41 चा, टायसन 24 चा पण नाही. बहुतेक पोरं टायसन म्हणतात. मी फोरमन म्हणतो. टायसन बुटका, वाकून, डोकं हलवत आत यायचा, म्हणजे फ्रेझरचाच रस्ता, आणि फोरमनकडे त्या रस्त्यावरचं औषध होतं, दोन्ही हातांनी समोरच्याला ढकलून अंतर बनवायचं आणि परत आत येताना खालून अपरकट. आणि त्या फेब्रुवारीत टोकियोला बस्टर डग्लसने दाखवलं होतं की टायसनला मागे ढकललं, जॅब मारत राहिलं तर त्याला दुसरा उपाय नाही. 1988 चा टायसन असता तर वेगाने जिंकला असता, तेव्हाचा फोरमन कमबॅकला वर्ष झालेला, जाडा आणि संथ. बघ, इथे पण दोन वर्षांत उत्तर फिरलं.

मेवेदर-पॅकियाओचं तर सांगायलाच नको, ती झाली. 2009-10 मध्ये ड्रग टेस्टिंगवरून मोडली आणि 2 मे 2015 ला झाली, एक 38 चा, दुसरा 36 चा, आणि मध्ये 2012 ला मार्केझने पॅकियाओला सहाव्या फेरीत पालथा पाडलेला. लोकांना वाटतं त्या रात्री प्रश्न सुटला. मला नाही वाटत. 2015 चा प्रश्न सुटला, 2010 चा तसाच राहिला. 2010 ला पण मी मेवेदरच म्हणेन, पण एका जजने दिला तसा 118-110 चा आकडा आला नसता, आणि हॅटन आणि कोट्टोला मोडणारा पॅकियाओ त्याला दोन-तीन फेऱ्यांत तरी पळायला लावला असता.

आपल्याकडचं एक सांगतो, कारण मुलांना हे माहीत नसतं. डिंको सिंग आणि अखिल कुमार. डिंकोचा जन्म 1979 चा, अखिलचा 1981 चा, फक्त दोन वर्षांचं अंतर, दोघेही 54 किलोला नाव काढलेले, आणि तरी त्यांचे चांगले दिवस एकमेकांना भेटलेच नाहीत. डिंकोचं वर्ष 1998, बँकॉक, एशियन गेम्सचं गोल्ड. अखिलचं 2006 मेलबर्न कॉमनवेल्थ गोल्ड आणि 2008 बीजिंग, तिथे त्याने वर्ल्ड चॅम्पियन व्होडोप्यानोव्हला हरवलं. अखिल दोन्ही हात खाली ठेवून खेळायचा, मार म्हणायचा, आणि मारला की काउंटर. डिंकोचा स्वभाव आमंत्रण नाकारायचा नव्हता. कॉम्प्युटर स्कोअरिंगमध्ये, जिथे बटण दाबलं तरच गुण, मी अखिलला घेतो. तेच बिनबटणाचं असतं आणि रेफरी दोन मिनिटं दुसरीकडे बघत असता तर डिंको. तो 2021 मध्ये गेला, 42 व्या वर्षी, कॅन्सरने. त्या दिवशी मी हॉलमध्ये मुलांना वॉर्मअपच्या आधी दोन मिनिटं उभं केलं होतं.

हे सगळं मी एवढ्या खात्रीने का बोलतो, त्याचं कारण माझ्या स्वतःच्या हातून झालेली एक गोष्ट आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याकडे शिकणारा सत्तरी तालुक्यातला एक मुलगा 60 किलोला होता, आणि सासष्टी तालुक्यात दुसऱ्या एका कोचकडे शिकणारा मुलगा, तोही 60. दोघेही एवढे चांगले की सगळा गोवा, म्हणजे बॉक्सिंग बघणारा तेवढा गोवा, फुटबॉलच्या मैदानात धेंपो-साळगावकरवर वाद घालतात तसा यांच्यावर वाद घालायचा. राज्य स्पर्धेच्या दोन महिने आधी मी माझ्या मुलाला वजन वाढवायला लावलं आणि 64 च्या गटात खेळवलं. दोघांनाही गोल्ड मिळालं. तेव्हा मला वाटलं मी हुशारी केली, दोन मुलं, दोन मेडल. पुढच्या वर्षी दुसरा तारवटी, म्हणजे खलाशी, होऊन बोटीवर गेला, माझ्या मुलाने वाळपईला गॅरेज टाकलं, आणि ती लढत राहिली ती राहिलीच. माझा मुलगा अजून भेटला की कधीतरी विचारतो, सर, मी त्याला मारला असता ना? मी त्याला खरं सांगितलंय. त्या वर्षी नाही, त्या वर्षी तुझा डावा हात जॅबनंतर खाली राहायचा. पुढच्या वर्षी हो. तो मान हलवतो पण त्याला जे हवं असतं ते माझ्या उत्तरात नसतं, आणि ते देणं माझ्या हातात होतं तेव्हा मी दिलं नाही. म्हणून आता वजन बदलायचं असेल तर मी आधी मुलाला विचारतो.

शेवटचं, माझ्या मनातलं सगळ्यात जवळचं. साल्वाडोर सांचेझ आणि युसेबिओ पेद्रोझा. फेदरवेट, एकाकडे डब्ल्यूबीसी, दुसऱ्याकडे डब्ल्यूबीए, 1980 ते 1982. पेद्रोझा पनामाचा, उंच, लांब हातांचा, 1978 पासून 1985 पर्यंत चॅम्पियन, 19 वेळा बेल्ट राखला, आणि कोपर, डोकं, कमरेखाली, रेफरीची पाठ फिरली की सगळं चालायचं. सांचेझ मेक्सिकोचा, 21 व्या वर्षी डॅनी लोपेझला तेराव्या फेरीत थांबवून चॅम्पियन झाला. 1981 ला विल्फ्रेडो गोमेझला आठव्या फेरीत मोडला, जो तोपर्यंत हरलेला नव्हता आणि ज्याने जिंकलेली प्रत्येक लढत नॉकआउट होती.

इथे पण दोघांशी लढलेले आहेत. हुआन लापोर्टला दोघांनीही गुणांवर हरवलं, पेद्रोझाने जरा घाण करून. पॅट्रिक फोर्डने मात्र सांचेझला पंधरा फेऱ्या दमवलं, एका जजने तर बरोबरी दिली, आणि पाच महिन्यांनी पेद्रोझाने त्याच फोर्डला तेराव्या फेरीत नॉकआउट केलं. कागदावर पेद्रोझा. उंच माणूस सांचेझला जड जायचा हे खरं आहे, फोर्ड पण उंचच होता.

तरीही जुलै 1982 म्हटलं तर मी सांचेझ घेतो. 21 जुलैला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याच्यासमोर ऐनवेळी आणलेला, कोणाला माहीत नसलेला घानाचा एक पोरगा आला, अझुमा नेल्सन, जो पुढे स्वतः महान झाला. त्याने सांचेझला बारा-तेरा फेऱ्या खरा त्रास दिला. आणि पंधराव्या फेरीत, जिथे दोघांचे पाय शिशाचे झालेले, सांचेझचे पाय पहिल्या फेरीसारखे चालत होते आणि त्याने नेल्सनला थांबवलं. तेव्हा टायटलच्या लढती पंधरा फेऱ्यांच्या असायच्या, पेद्रोझाची घाण दहा फेऱ्या पुरली असती, शेवटच्या पाच सांचेझच्या. तीन आठवड्यांनी, 12 ऑगस्टला, पहाटे हायवेवर सांचेझची गाडी धडकली आणि तो गेला. 23 वर्षांचा होता. त्याच्यासाठी मला दुसरी तारीख निवडता येत नाही, तो पुढे अजून चांगला झाला असता की नाही हे विचारायचीच सोय नाही, जुलै 1982 हीच त्याची शेवटची.

रविवारी सकाळी आठला ये. हॅण्डरॅपच्या पट्ट्या घरूनच सुकवून आण, या पावसात हॉलमध्ये काही वाळत नाही, माझ्या जुन्या ग्लोव्हजना पण बुरशी आलीय. ट्रेनिंग झाल्यावर नेल्सनबरोबरची ती पंधरावी फेरी बघू, आवाज बंद करून, आणि तू हातांकडे बघायचं नाहीस. फक्त सांचेझचा डावा पाय बघ, फटक्याच्या आधी तो कुठे जाऊन बसतो ते.